उषा म्हणजे सूर्य नव्हे

“मला नको वाढूस गं, मी दूध घेते,” यमूमामी म्हणाली आणि तिने पोह्यांची बशी हळूच माझ्याकडे सरकवली.

सकाळचे आठ वाजले होते आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. मी तेव्हा नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रॉम्सो नावाच्या गावात राहायची. माशांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. देवरूखच्या आठल्यांची भाची जगाच्या टोकाला जाऊन मासे चिरत बसली, म्हणून आमच्या घराण्यात माझी पुष्कळ चेष्टा झालेली. चेष्टा न करणारा एकच माणूस होता, ते म्हणजे माझे बापूमामा. मला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, “तिथे उषा किती वेळ टिकते गं?”

तेच बापूमामा आता माझ्या स्वयंपाकघरात माकडटोपी घालून बसले होते आणि मामीची बशी पुढे ओढून दुसऱ्यांदा पोहे खात होते. देवरूखच्या शाळेत त्यांचा सगळा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं.

“विमानात काही बाधलं का मामीला?” मी विचारलं.

“छे! तिला दगड पचतो,” मामा म्हणाले.

मामी दुधाचा कप घेऊन खिडकीशी गेली. काचेवर कपाळ टेकवून तिने बाहेर पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई गं! हिचं व्रत!

सूर्य पाहिल्याशिवाय मामी अन्नाला शिवत नसे. मी लहानपणी सुट्टीला त्यांच्याकडे जायची तेव्हा हे रोज बघायची. आषाढात तर मजाच असायची. चार-चार दिवस सूर्याचा पत्ता नसायचा आणि मामी पडवीत बसून आभाळाकडे डोळे लावायची. ढग जरा फाटला की “दिसला, दिसला!” करत हात जोडायची आणि परकरातल्या मुलीसारखी स्वयंपाकघराकडे धावायची. नाहीच दिसला तर दूध, केळी, खजूर. भात, पोळी, पोहे, काही म्हणजे काही नाही. हे व्रत कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायची, “व्रत सांगायचं नसतं बाई, पातळ होतं.”

आणि आता ही बाई अशा गावात येऊन उभी होती, जिथे सूर्य उगवायला अजून दोन आठवडे होते.

मामा आंघोळीला गेले तशी मी तिला धरलं. “मामी, इथे सूर्य उगवत नाही हे तुला माहीत नव्हतं?”

“न कळायला काय झालं? लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. सहा महिन्यांची रात्र, लांबच लांब उषा. झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.”

“मग आलीस कशाला?”

“त्यांना एकट्याला पाठवायचं? मोजे उलटे घालणारा माणूस तो! काढीन मी दुधाकेळ्यावर. तू त्यांना काही बोलू नकोस.”

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, आणि ज्याने जन्मभर त्या न उगवणाऱ्या सूर्याचाच अभ्यास केला, त्याच्या ध्यानात बायकोचं ताट आलंच नव्हतं. धन्य आमचे मामा!

मामांचा सिद्धांत सांगितला पाहिजे. मूळ कल्पना त्यांची नव्हे, त्यांच्या जन्माआधीच थोरामोठ्यांनी मांडून झालेली. वेद रचणाऱ्यांचे पूर्वज म्हणे कधीकाळी उत्तर ध्रुवाजवळ राहत होते आणि बर्फ वाढलं तसे खाली सरकत आपल्याकडे आले. जाणत्या लोकांनी ही कल्पना केव्हाच बाजूला ठेवली आहे. मामांनी मात्र ती पोटच्या पोरासारखी सांभाळली. पोटचं पोर त्यांना नव्हतंही. वेदांत उषा एक नाही, अनेक आहेत, त्या एकीमागून एक येतात आणि सूर्य उगवण्याआधी कितीतरी दिवस जातात, हा त्यांचा सगळा आधार. “आपल्याकडे उजाडलं की घटकाभरात सूर्य डोक्यावर!” ते म्हणायचे. “मग हे दिवसच्या दिवस उजाडणं त्यांनी पाहिलं कुठे? उषा म्हणजे सूर्य नव्हे! हे एकदा मान्य करा, पुढचं सगळं आपोआप येतं.”

उषा म्हणजे सूर्य नव्हे. हे वाक्य मामा भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायचे. लोक हसायचे. पुण्याच्या एका परिषदेत तर व्यासपीठावरचा अध्यक्षच हसला होता आणि “पेंग्विनही वैदिकच का हो?” असं कुणीतरी मागून ओरडलं होतं. पेंग्विन दक्षिणेला असतात हे त्या गाढवाला सांगायचंही मामांना सुचलं नाही. ते कागद गोळा करून उठले आणि पुन्हा कधी कुठल्या सभेत बोलले नाहीत.

म्हणून माझ्या शेजारच्या तूरिलने जेव्हा मला विचारलं, की तुझे मामा येतायत तर आमच्या वाचनालयात बोलतील का, तेव्हा मी आधी भीतभीतच होकार दिला. तूरिल निवृत्त नर्स. हिवाळ्यातल्या काळोखात माणसं घरात कुढत बसू नयेत म्हणून दर आठवड्याला ती वाचनालयात कुणाला तरी बोलावून व्याख्यान ठेवायची. मामांना हे कळवलं तर फोनवर एवढा वेळ शांतता, की मला वाटलं लाईन तुटली. मग म्हणाले, “ध्रुवाजवळची माणसं? स्वतः?”

त्या पहिल्या दिवशी साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे डोंगरांच्या मागून उजेड फुटायला लागला. आधी निळसर, मग गुलाबी, मग केशरी कडा. बर्फावर तो रंग उतरला आणि सगळं गाव कुंकवाच्या हाताने कुणी लिंपल्यासारखं दिसायला लागलं. मामा दोन स्वेटर चढवून खिडकीत उभे होते.

“ही उषा,” ते शेवटी म्हणाले. “यमू, बघ. ही उषा!”

“बघतेय हो. चष्मा पुसा, वाफ धरलीय.”

चष्म्यावर वाफ धरली नव्हती, मामा रडत होते. क्षितिजावर गोल फिरणारी खरी उषा थेट ध्रुवावरच दिसते, इथे नुसती चव, हे त्यांनी मला दहा वेळा बजावलं. पण त्या चवीनेच ते तृप्त झाले. दोन-अडीच तास उजेड होता. सूर्य काही वर आला नाही. मग केशरीचं परत निळं झालं आणि निळ्याचं काळं. त्या रात्री मामी केळं खाऊन झोपली.

चौथ्या दिवशी ती न्हाणीघराच्या दारात भिंत धरून खाली बसली.

मी तूरिलला हाक मारली. तिने रक्तदाब पाहिला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि मला म्हणाली, “ही बाई नीट जेवत का नाही?” मी कारण सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. मामीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “सूर्य नाही म्हणून आमच्याकडेही पुष्कळांची भूक जाते. पण तिला सांग, या वयात हे चालायचं नाही. आज जेवली नाही तर मी दवाखान्यात घेऊन जाणार.”

मामा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला, की बघवेना.

“चार दिवस?” ते म्हणाले. “यमू, तू चार दिवस जेवली नाहीस?”

“दूध घेतेय ना.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही तुमच्या उषेत होतात.”

मामा खुर्चीवर बसले. हे व्रत त्यांना कधीच पटलं नव्हतं, पण त्यांनी ते कधी मोडायलाही लावलं नव्हतं. तूरिल गेल्यावर त्यांनी पळवाटा काढायला सुरुवात केली. आजारी माणसाला व्रत लागू नसतं. प्रवासात तर मुळीच नाही. दिव्याला सूर्य मानावं. सूर्याचं चित्र काढून त्याला नमस्कार करावा. तेव्हा फोनवर माणसाचं तोंड दिसत नसे, नाहीतर देवरूखचा सूर्य मी तिला थेट दाखवला असता.

“दिसला पाहिजे,” मामी म्हणाली. “असंच बोलले होते मी त्याला. चित्र नाही, दिवा नाही.”

“अगं, हट्टाला काही सीमा?”

“तुमच्या तोंडी हे शोभत नाही हं!” मामी हसली. तेवढ्या अशक्तपणातही हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “मला एक सांगा. तुमच्या त्या वैदिक बायका इतके दिवस काय खात होत्या?”

“त्यांना असलं व्रत नव्हतं!”

“कशावरून? एवढे दिवस तो दिसला नाही तर त्यांना माझ्याहून जास्त काळजी वाटली असेल. परत येतो की नाही कुणास ठाऊक! एखादीने तरी म्हटलंच असेल, तू ये, मग जेवते.”

मामा उठून खिडकीत जाऊन उभे राहिले. साडेदहा वाजून गेले होते, डोंगरांमागे निळं फिकट व्हायला लागलं होतं. मी कुकर लावला. जेवो न जेवो, वरणभात तयार असू दे म्हटलं.

अकराच्या पुढे कडा केशरी झाल्या. त्या दिवशी आकाशात एकही ढग नव्हता. मधल्या दोन डोंगरांच्या खिंडीत तर रंग असा पेटला, की कुणालाही वाटावं, आत्ता येणार. मामा वळले. मामीला हाताला धरून त्यांनी उठवलं, खिडकीशी आणलं आणि म्हणाले,

“नमस्कार कर.”

“कुणाला?”

“सूर्याला. हा बघ.”

“ही तर उषा ना?”

“उषा म्हणजे सूर्यच. त्याचंच तेज ते. वेगळी कुठली?”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. एखाद्या मौलवीने घंटा वाजवावी तसं काहीतरी माझ्यासमोर घडत होतं.

मामी बाहेर बघत नव्हती, मामांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

“तुम्ही म्हणताय?”

“मी म्हणतोय.”

“नक्की?”

“सांगतोय ना! मास्तर मी का तू?”

मामीने खिडकीकडे वळून हात जोडले. मग टेबलाशी आली आणि म्हणाली, “वाढ गं वृंदे. तूप सढळ हाताने घाल.” मऊ वरणभात, लिंबाचं लोणचं, वर एक पापड. ती सावकाश जेवली. मामा समोर बसून तिचा प्रत्येक घास बघत होते. त्यांनी स्वतः भात नुसता चिवडला.

व्याख्यान दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होतं. सकाळपासून मामा कागद पुढे घेऊन बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. मी एकदा म्हटलं, “मामा, घरात काय बोललात ते घरात. आजारी माणसाला औषध दिलंत तुम्ही. सभेत तुमचं जे आहे ते बोला.” त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “वृंदे, शाळेत एक आणि घरी एक असं बोलणाऱ्या मास्तरांना पोरं काय म्हणतात, ठाऊक आहे ना?”

वाचनालयात वीस-पंचवीस माणसं आली होती. म्हातारे कोळी, दोन शिक्षिका, स्वेटर विणत बसलेल्या बायका. पहिल्या रांगेत मामी, नऊवारीवर माझा जाड कोट घालून. तूरिलने ओळख करून दिली आणि मामा उभे राहिले. त्यांचं इंग्रजी शाळेच्या फळ्यावरचं, पण स्वच्छ. वेद म्हणजे काय, उषा म्हणजे कोण, ती लोकांना कशी उठवते, गाईंना कशी सोडते, हे त्यांनी असं सांगितलं, की विणणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या. मग अनेक उषांचं सांगितलं, सूर्याआधी जाणाऱ्या दिवसांचं सांगितलं. एक म्हातारा कोळी मान डोलवत होता, होय होय, असंच असतं.

आणि मग ते वाक्य आलं. मला पाठ होतं ते कुठे येतं. मामीलाही पाठ होतं, इंग्रजी येत नसलं तरी. ती जरा पुढे सरकून बसली.

मामा थांबले. त्यांनी कागद खाली ठेवला.

“या मुद्द्यावर मी आजवर एक वाक्य म्हणत आलो,” ते म्हणाले, “त्यावर माझा सगळा सिद्धांत उभा आहे. आज मला ते म्हणता येत नाही. जन्मभर मी हे आकाश पुस्तकात पाहिलं. या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं. उजाडणं कुठे संपतं आणि सूर्य कुठे सुरू होतो, ते मला आता सांगता येत नाही. माझे पूर्वज इथे होते का? मला ठाऊक नाही. असावेत असं मला फार वाटत होतं. पण मला वाटणं हा काही पुरावा नव्हे. मी येऊन गेलो, एवढं मात्र खरं.”

मग तो कोळी उठला आणि त्याने विचारलं, “तुमच्या जुन्या भाषेतला तो शब्द पुन्हा एकदा म्हणाल का?” मामा म्हणाले, “उषस्.” त्याने तो म्हणून बघितला. बाकीच्यांनीही म्हणून बघितला. इतक्या जणांच्या तोंडी तो शब्द ऐकताना मामा वर्गातल्यासारखे उच्चार सुधारत होते.

घरी येऊन मी खिचडी टाकली. दुपारी खिंडीतल्या त्या उजेडाला हात जोडून मामी जेवली होतीच, आताही पान मांडून बसली. मामा कोट न काढताच बसून राहिले.

“वाक्य गाळलंत,” मामी म्हणाली.

“तुला काय कळलं? इंग्रजीत होतं सगळं.”

“कळायला इंग्रजी कशाला लागतं? तिथे आलात की तुम्ही बोट वर करता. आज केलं नाहीत.”

मामा म्हणाले, “तू त्या शब्दावर जेवलीस. मी सभेत उलटं बोललो असतो तर तुझं व्रत मोडलं असतं.”

“अहो, व्रत कालच मोडलं.”

“म्हणजे?”

“मला का ठाऊक नाही, उषा म्हणजे सूर्य नव्हे? तुम्हीच शिकवलंत. मी सूर्य बघून जेवले नाही. जो माणूस जन्मात खोटं बोलला नाही तो माझ्या घासासाठी धडधडीत खोटं बोलत होता, ते बघून जेवले. नाही म्हणवेना.”

मला तर एकाच वेळी हसायला आणि रडायला यायला लागलं. दोघांनी एकमेकांसाठी आपापला सिद्धांत बुडवला होता आणि एकमेकांना कळूही दिलं नव्हतं.

“मोडलंच आहे ना,” मी म्हटलं, “मग आता सांग तरी. कशासाठी होतं?”

मामीने खिचडीत तूप कालवलं. सांगावं की नाही, असं दोन घास चाललं.

“ते पुण्याहून आले ना परिषदेतून, तेव्हा दोन दिवस माडीवर बसून होते. जेवले नाहीत, बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले आणि सूर्यनारायणाला सांगितलं. म्हटलं, यांचं म्हणणं एकदा तरी चार माणसांनी न हसता ऐकून घ्यावं. तोवर तुझं दर्शन झाल्याशिवाय मी अन्न घेणार नाही.”

मी घास खाली ठेवला. “मामी, म्हणजे आज...”

“हो ना. आज ऐकलं की त्यांनी. कुणी म्हणजे कुणी हसलं नाही. मी मागे वळून बघत होते सारखी.” ती जराशी ओशाळली. “मीच मेली एक दिवस आधी जेवले. पण तो काही एवढं मोजत बसत नाही.”

मामांनी विचारलं, “यमू, मान्य होऊ दे, असं नाही मागितलंस?”

“छे! एवढं कुठलं मागायचं? त्यालाही झेपेल असं मागावं माणसाने.”

मामांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता हे रडणार. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत, माकडटोपी कपाळावर सरकलेली.

“अगं, लोकांनी हसू नये म्हणून इतकी वर्षं उपाशी बसलीस,” ते म्हणाले, “आणि घरात मला रोज हसत होतीस ती?”

“मी हसणारच,” मामी म्हणाली आणि त्यांच्या पानात खिचडी वाढली. “मी वाढतेही. काढा तो कोट आणि जेवा.”